सोलर किती किलोवॉटचं घ्यावं? आधी घर वीज कधी घेतं ते पाहा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: चौघांचं घर, महिन्याला साधारण ४२० युनिट वीज, गच्ची मोकळी, फक्त एका कोपऱ्यात पाण्याची टाकी. सोलर बसवणाऱ्याने ५ किलोवॉट सुचवलं आहे. एवढं घ्यावं का, बॅटरी लागेल का, वीज गेली तर घर चालेल का, की आधी वीज वाचवण्यावर खर्च करावा? आणि पॅनेल दरवर्षी सुधारत असतील तर थोडं थांबावं का?

आधी निष्कर्ष सांगतो. ५ किलोवॉट तुम्हाला आज जास्त होतं. पण त्याहून मोठी अडचण अशी की हा आकडा ‘गच्चीवर किती मावतं’ इथून काढलेला दिसतो. तो काढायचा असतो घर किती वीज घेतं आणि दिवसाच्या कोणत्या वेळी घेतं इथून. बरीच वर्षं ही कामं केल्यावर माझं मत पक्कं झालं आहे की समाधान देणारी यंत्रणा आणि पश्चात्ताप करायला लावणारी यंत्रणा यांतला फरक पॅनेलच्या नावात क्वचितच असतो. तो या पहिल्या हिशेबात असतो.

हिशेबाला बसण्यापूर्वी किलोवॉट आणि युनिट यांची सरमिसळ दूर करू. एखादं उपकरण त्या क्षणी किती जोराने वीज ओढतं ते किलोवॉट सांगतो. एकूण किती वीज वापरली गेली ते युनिट सांगतं. १ किलोवॉटचं उपकरण १ तास चाललं की १ युनिट. २ किलोवॉटचा गिझर १५ मिनिटं चालला तर अर्धं युनिट जळतं. उलट राउटर, सेट-टॉप बॉक्स, झोपलेला टीव्ही, भिंतीत खोचून ठेवलेले चार्जर असं सगळं मिळून ४० वॉट जरी ओढत असेल तरी चोवीस तासांत जवळपास १ युनिट जातं, आणि तेही रोज, घरात कुणी नसतानाही. लोक गिझरला घाबरतात आणि या ४० वॉटकडे बघतही नाहीत.

म्हणून पहिलं काम मोजण्याचं. आठवडाभर मीटरचं रीडिंग दिवसातून चार वेळा लिहून ठेवा: उठल्यावर, दुपारी, दिवेलागणीला आणि झोपताना. बिलात महिन्याची बेरीज असते, वापराची वेळ नसते. तुम्हाला वेळच हवी आहे. शक्य असेल तर प्लगमध्ये लावायचा छोटा ऊर्जा-मीटर आणा आणि फ्रिज, संगणक, वॉशिंग मशीन यांना एकेक दिवस लावा. काहीच आणायचं नसेल तर घरातलं सगळं बंद करून मीटरवरचा लुकलुकणारा लाल दिवा पाहा. किती लुकलुकींना १ युनिट होतं हे मीटरवरच छापलेलं असतं. तो आकडा ३२०० असेल आणि दिवा दर ११ सेकंदांनी लुकलुकत असेल, तर ‘सगळं बंद’ असतानाही घर १०० वॉट ओढतंय. वर्षाला ते ८७६ युनिट होतात. अशा घराने पॅनेलची चौकशी करण्याआधी हे १०० वॉट शोधावेत.

तुमच्यासारख्या वापराच्या घरात रोजच्या १४ युनिटांची फोड बहुतेक वेळा अशी निघते. पाच साधे पंखे, प्रत्येकी ७५ वॉट, सरासरी १२ तास: साडेचार युनिट. आंघोळीचं पाणी तापवायला ३. जुना फ्रिज २ ते अडीच. सतत चालू राहणारी किरकोळ उपकरणं १. बाकी दिवे, पंप, धुलाई, इस्त्री, टीव्ही, संगणक मिळून ३. तुमचे आकडे वेगळे निघतील, पण पंख्यांची बेरीज पाहून बहुतेक जण चकित होतात. पंखा लहान वाटतो. तो चालतो मात्र तासन्‌तास.

तेच ७५ वॉटचे पंखे काढून बीएलडीसी मोटरचे (कमी वीज घेणाऱ्या ब्रशविरहित मोटरचे), साधारण ३० वॉटचे लावले तर साडेचार युनिटांची १.८ होतात. रोजची २.७ युनिट, महिन्याची ८१. एवढी वीज पॅनेलमधून मिळवायची तर जवळपास पाऊण किलोवॉट वाढवावं लागेल, त्यासाठी जागा, स्ट्रक्चर, वायर हे सगळं आलं. शिवाय पंखे रात्री चालतात, पॅनेल दिवसा. रात्रीची वीज वाचवली की बॅटरीही लहान होते. माझ्या मते घरात सर्वांत आधी बदलायची वस्तू हीच. सगळे एकदम नको असतील तर ज्या खोलीत पंखा सर्वाधिक तास चालतो तिथून सुरुवात करा. पाहुण्यांच्या खोलीतला पंखा आहे तसा राहू द्या.

दिव्यांबद्दल फार लिहीत नाही. ६० वॉटच्या जुन्या बल्बएवढा उजेड ९ वॉटचा एलईडी देतो, हे आता सर्वांना माहीत आहे. पांढरा एलईडी शक्य झाला तो निळ्या एलईडीमुळे, आणि त्यासाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ साली भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. घरगुती वीजबचतीत एवढा मोठा वाटा उचललेला शोध दुसरा सांगणं कठीण आहे.

फ्रिज बदलण्याआधी त्याच्या दाराचं रबर तपासा. दारात कागद धरून दार लावा. कागद सहज ओढला गेला तर थंडावा तिथून निसटतोय. रबर बदलता येतं. फ्रिज भिंतीला टेकवलेला असेल तर हातभर नाही तरी चार बोटं पुढे ओढा, मागची उष्णता बाहेर पडायला वाट हवी. आतलं तापमान ३ ते ५ अंश आणि फ्रीझरचं उणे १८ पुरेसं असतं, त्याहून थंड ठेवून काही मिळत नाही.

एसी असेल तर एक गणित लक्षात ठेवा. भिंती-खिडक्यांतून आत शिरणारी उष्णता बाहेरच्या आणि आतल्या तापमानातल्या फरकाच्या प्रमाणात असते. बाहेर ३४ अंश असताना २४ वर ठेवला तर फरक १० चा. २६ वर ठेवला तर ८ चा. म्हणजे त्या वाटेने येणारी उष्णता पाचव्या हिश्श्याने कमी झाली. सोबत पंखा चालवला की २६ अंशही अंगाला पुरेसे गार वाटतात. खिडकीवरचं ऊन आतल्या पडद्याने अडवण्यापेक्षा बाहेरच अडवा. काचेतून आत आलेलं ऊन घरातच मुरतं. गच्चीवर पांढरा परावर्तक लेप दिला तर वरच्या मजल्याला फरक जाणवतो, आणि पॅनेल बसली की त्यांच्या सावलीचाही स्लॅबला फायदा होतो. थंड प्रदेशात हाच हिशेब उलटा लागू होतो: तिथे आधी दारा-खिडक्यांच्या फटी बुजवायच्या, भिंतींना आणि छताला उष्णतारोधक थर द्यायचा, आणि मग हीटरऐवजी हीट पंप पाहायचा.

पाणी तापवण्यावर मात्र थांबून बोलायला हवं, कारण इथे सर्वांत जास्त चुकीचे सल्ले दिले जातात. १०० लिटर पाणी २५ अंशांनी तापवायला सुमारे २.९ युनिट उष्णता लागते. हा निसर्गाचा आकडा आहे, कोणत्याही कंपनीला तो बदलता येत नाही. साधा गिझर ही उष्णता विजेतून थेट तयार करतो, म्हणून २.९ युनिट वीज घेतो. हीट पंप आजूबाजूच्या हवेतली उष्णता खेचून पाण्यात सोडतो, त्यामुळे १ युनिट विजेवर ३ किंवा जास्त युनिट उष्णता देतो. तेच काम १ युनिटच्या आत होतं. छतावरचा सोलर वॉटर हीटर तर वीज घेतच नाही, आणि ऊन उष्णतेत बदलायला तो पॅनेलपेक्षा कितीतरी कमी जागा घेतो. पॅनेल उन्हातली सुमारे २२ टक्के ऊर्जा विजेत बदलतं. चांगला वॉटर हीटर त्याच उन्हातली निम्मी किंवा जास्त ऊर्जा पाण्यात उतरवतो.

मग वॉटर हीटरच घ्यावा का? गच्ची लहान असेल तर नक्की. गच्ची मोठी असेल तर माझा कल आता पॅनेल आणि चांगली उष्णतारोधक टाकी असलेला गिझर किंवा हीट पंप यांकडे झुकतो. कारण वॉटर हीटरची टाकी दुपारपर्यंत तापली की उरलेलं ऊन वाया जातं, तर पॅनेलची वीज दुसरीकडे वापरता येते. शिवाय टायमर लावून दुपारी पाणी तापवलं की ती टाकी म्हणजे बॅटरीच झाली: दुपारचं ऊन रात्री किंवा दुसऱ्या दिवशी पहाटे अंगावर घ्यायचं. मात्र पाणी दीर्घकाळ कोमट साठवू नका. कोमट साठ्यात लेजिओनेला नावाचे जिवाणू वाढू शकतात. म्हणून टाकी ६० अंशांपर्यंत तापवायची आणि नळाशी थंड पाणी मिसळायचं. क्षारयुक्त पाणी असेल तर टाकीतला अ‍ॅनोड रॉड (टाकीऐवजी स्वतः गंजणारी कांडी) वेळोवेळी तपासून बदलावा लागतो; तो न बदलल्याने चांगल्या टाक्या आतून गंजतात.

एवढं केल्यावर तुमची रोजची १४ युनिट ९ ते १० वर येतील असा माझा अंदाज आहे. यात कुणाचीही गैरसोय झालेली नाही, हे महत्त्वाचं. बचत म्हणजे अंधारात बसणं असा समज अनेक घरांत वादाचं कारण ठरतो, आणि अशी बचत महिनाभरही टिकत नाही.

आता पॅनेल. पॅनेलवर लिहिलेले वॉट प्रयोगशाळेतल्या ठरावीक परिस्थितीतले असतात: दर चौरस मीटरला १००० वॉट ऊन आणि पेशीचं (पॅनेलमधल्या वीज बनवणाऱ्या सिलिकॉनच्या तुकड्याचं) तापमान २५ अंश. प्रत्यक्षात भर दुपारी पेशी ६० ते ६५ अंशांपर्यंत तापते. सिलिकॉनच्या पॅनेलची क्षमता दर अंशाला साधारण ०.३ ते ०.४ टक्के घटते, म्हणजे ४० अंशांच्या वाढीला १२ ते १६ टक्के. त्यामुळे कडक उन्हाळ्यात वीज सर्वांत जास्त मिळेल ही अपेक्षा अनेकदा फसते. स्वच्छ आकाश आणि थंड वारा असलेला दिवस त्याहून सरस ठरू शकतो. यात धूळ, वायर आणि इन्व्हर्टर (पॅनेलची वीज घरच्या विजेत बदलणारं यंत्र) यांतली घट धरली की छापील आकड्याच्या ७५ ते ८० टक्केच हाती लागतात असं मानून चालावं.

तुमच्या भागात दिवसाला किती ऊन मिळतं ते ‘पूर्ण उन्हाचे तास’ या मापात सांगतात. वर्षाची सरासरी ५ तास असेल तर १ किलोवॉट पॅनेल दिवसाला ५ गुणिले ०.८, म्हणजे ४ युनिट देतं. तुमच्या १४ युनिटांना साडेतीन किलोवॉट लागले असते. बचतीनंतरच्या ९-१० युनिटांना अडीच पुरतात. ५ किलोवॉटमधून २० युनिट निघतील. ती निम्म्याहून जास्त तुमची नसतील, वीज कंपनीला जातील. त्याचं काय मिळतं, यावर सगळा निर्णय अवलंबून आहे.

हा नियम जागोजागी वेगळा असतो. काही ठिकाणी दिवसा दिलेलं १ युनिट रात्री घेतलेल्या १ युनिटाशी वळतं होतं, याला नेट मीटरिंग म्हणतात. काही ठिकाणी दिलेल्या विजेला घेतलेल्या विजेपेक्षा बराच कमी दर मिळतो. काही ठिकाणी जादा वीज बाहेर सोडायला परवानगीच नसते. पहिल्या व्यवस्थेत वर्षाच्या वापराएवढं उत्पादन बसवा. त्यापुढची युनिटं वर्षअखेरीला कवडीमोल होऊ शकतात. दुसऱ्या व्यवस्थेत दिवसा घरातच किती वीज वापरली जाते तोच खरा आकडा. तिसऱ्या व्यवस्थेत तर दुपारच्या भाराएवढीच यंत्रणा घ्यावी. बसवणाऱ्याचं तोंडी आश्वासन पुरेसं मानू नका. वीज कंपनीचा लागू असलेला नियम स्वतः वाचा, आणि तो किती वर्षांसाठी पक्का आहे तेही पाहा. नियम बदलतात, आणि त्या बदलातून तुम्हाला वाचवू शकते ती एकच गोष्ट: दिवसा बनलेली वीज दिवसाच वापरण्याची सवय.

ही सवय लावणं अवघड नाही. धुलाई, पंप, इस्त्री, गिझर, भांडी धुण्याचं यंत्र, सगळं सकाळी १० ते दुपारी ३ या वेळेत आणा. पण एकदम नको. अडीच किलोवॉटची यंत्रणा त्या क्षणी १.८ किलोवॉट देत असेल आणि तुम्ही २ किलोवॉटचा गिझर आणि १ किलोवॉटचा पंप सोबत लावला, तर उरलेले १.२ किलोवॉट बाहेरून येणार. एक संपलं की दुसरं, असा क्रम ठेवा. घरात दिवसा कुणी नसेल तर टायमर आहेतच. पुढे विजेवरची मोटार घेण्याचा विचार असेल तर तिला दर १०० किलोमीटरला साधारण १५ ते २० युनिट लागतात हे आताच हिशेबात धरा. ती दिवसा घरी उभी असते की नाही, हा प्रश्न तिथेही येतोच. अशा वेळी मी सुचवतो ते असं: आज ३ किलोवॉट पॅनेल, पण इन्व्हर्टर दोन स्वतंत्र एमपीपीटी (पॅनेलच्या एका गटातून कमाल वीज काढणारा भाग) असलेला आणि थोडा मोठा, स्ट्रक्चर वाढवता येईल असं. दोन-तीन वर्षांनी आजच्याच मॉडेलचं पॅनेल मिळेल याची खात्री नसते. दुसरी एमपीपीटी मोकळी असेल तर वेगळी पॅनेल तिच्यावर लावता येतात.

आता गच्चीवरची ती पाण्याची टाकी. सावलीचं नुकसान लोक क्षेत्रफळावरून मोजतात: दहाव्या भागावर सावली म्हणजे दहावा हिस्सा गेला. तसं होत नाही. पॅनेलमधल्या पेशी एकामागोमाग जोडलेल्या असतात, आणि एका पेशीवर सावली पडली की तिच्यातून जाणारा प्रवाह अडतो, मग ती साखळीच अडते. पूर्ण पॅनेल निकामी होऊ नये म्हणून त्यात बहुधा तीन बायपास डायोड असतात. सावली पडलेला एक-तृतीयांश भाग वगळून बाकीचा चालतो. म्हणजे हाताच्या पंज्याएवढ्या सावलीने पॅनेलचा तिसरा हिस्सा जाऊ शकतो. अर्ध्या कापलेल्या पेशींच्या नव्या पॅनेलमध्ये हे नुकसान काही प्रमाणात कमी होतं, संपत नाही.

टाकीची सावली आज बघून उपयोग नाही. उत्तर गोलार्धात २१-२२ डिसेंबरच्या सुमारास सूर्य सर्वांत खाली असतो आणि सावल्या सर्वांत लांब. त्या दिवशी २० अंश अक्षांशावर भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून ४७ अंशांपेक्षा वर जात नाही. २ मीटर उंचीची टाकी मध्यान्ही १.९ मीटर सावली टाकते, आणि सकाळी ९ वाजता कितीतरी जास्त. त्या दिवसाची सकाळी ९ ते दुपारी ३ ची सावली आखून घ्या आणि ती जागा सोडून द्या. शेजारच्या मोकळ्या भूखंडावर उद्या मजले चढू शकतात, झाड वाढू शकतं, हेही बघा. सावली टाळताच येत नसेल तर प्रत्येक पॅनेलला स्वतंत्र मायक्रोइन्व्हर्टर किंवा ऑप्टिमायझर लावता येतो, म्हणजे एका पॅनेलच्या सावलीने बाकीची अडत नाहीत. सावली नसेल तर त्यांची गरज नाही. छतावर जितकी कमी इलेक्ट्रॉनिक यंत्रं तितकी देखभाल कमी.

पॅनेलचं तोंड विषुववृत्ताकडे, म्हणजे उत्तर गोलार्धात दक्षिणेला, आणि कल साधारण अक्षांशाएवढा, हा नियम चांगला आहे, पण त्याचा बाऊ करू नका. पाच-दहा अंश इकडेतिकडे झाल्याने फार थोडं जातं. दिवसा वीज बाहेर सोडून काही मिळत नसेल, तर अर्धी पॅनेल पूर्वेला आणि अर्धी पश्चिमेला लावणं कधी कधी अधिक शहाणपणाचं ठरतं: दुपारचं शिखर बुटकं होतं, पण सकाळ-संध्याकाळच्या वापराच्या वेळी वीज मिळते. पॅनेल अगदी सपाट मात्र ठेवू नयेत. १० अंशांचा तरी उतार हवा, नाहीतर पावसाचं पाणी कडेला साचून तिथे मळाची पट्टी बसते.

वीज गेल्यावर काय? साधी ग्रिडला, म्हणजे वीज कंपनीच्या जाळ्याला, जोडलेली यंत्रणा वीज गेली की बंद पडते, भर उन्हातसुद्धा. हा दोष नाही. तुमची पॅनेल तारांत वीज सोडत राहिली तर खांबावर दुरुस्ती करणाऱ्या माणसाच्या जिवावर बेतेल, म्हणून इन्व्हर्टरने क्षणात तुटणं सक्तीचं असतं. वीज गेल्यावरही घर चालावं असं वाटत असेल तर हायब्रिड इन्व्हर्टर (पॅनेल, बॅटरी आणि ग्रिड तिन्ही सांभाळणारा) आणि बॅटरी लागते, आणि हे विकत घेण्याआधीच ठरवावं लागतं.

बॅटरीचा आकार ठरवताना ‘घर चालावं’ असं म्हणू नका. काय चालावं ते लिहा. तीन बीएलडीसी पंखे ९० वॉट, दिवे ४०, राउटर १०, फ्रिज सरासरी १००. मिळून २४०. चार तासांना १ युनिटाहून थोडं कमी. १२ व्होल्ट १५० अँपिअर-अवरची लेड-अ‍ॅसिड बॅटरी कागदावर १.८ युनिट साठवते, पण ती निम्म्याहून जास्त रिकामी केली तर तिचं आयुष्य झपाट्याने घटतं. म्हणजे वापरायला ०.९. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी ८० ते ९० टक्के रिकामी करता येते आणि हजारो वेळा भरता येते. साठवण रोज वापरायची असेल तर मी तीच सांगतो. वीज क्वचित, तीही थोडा वेळ जात असेल तर मात्र घरात आधीच असलेला लहान इन्व्हर्टर तसाच ठेवा आणि सोलरला बॅटरीच जोडू नका. नेट मीटरिंग मिळत असताना फक्त बिल कमी करण्यासाठी बॅटरी घेणं मला पटत नाही: बॅटरीत घातलेलं १ युनिट पूर्ण परत येत नाही, ग्रिड मात्र ते पूर्ण परत देतं.

एसी, गिझर, पंप बॅटरीवर टाकू नका. त्यांचं वायरिंग वेगळं ठेवून पंखे, दिवे, राउटर, फ्रिज यांचं ‘अत्यावश्यक’ सर्किट निराळं काढा. हे काम इलेक्ट्रिशियनकडून आधी करून घ्या. नंतर भिंती फोडाव्या लागतात.

सुरक्षिततेबाबत माझा आग्रह आहे, आणि इथे तडजोड करणाऱ्याचं काम मी कधीही सुचवणार नाही. पॅनेलकडून येणारा प्रवाह डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारा, असतो, आणि ओळीने जोडलेल्या पॅनेलचा दाब काहीशे व्होल्टपर्यंत जातो. घरातला एसी, म्हणजे दिशा बदलत राहणारा, प्रवाह ५० हर्ट्‌झला सेकंदात १०० वेळा शून्यावर येतो, म्हणून स्विच उघडताना उडालेली ठिणगी विझते. डीसी शून्यावर येत नाही. ढिल्या जोडात पेटलेली ठिणगी तशीच जळत राहते आणि प्लास्टिक वितळवते. म्हणून डीसीसाठीच बनवलेला आयसोलेटर (जोड तोडणारा स्विच) हवा, वायर उन्हात टिकणारी सोलरची हवी, आणि एका जोडाचे दोन्ही कनेक्टर एकाच कंपनीचे हवेत. दिसायला सारखे दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे कनेक्टर घट्ट बसल्यासारखे वाटतात आणि आत तापतात. शिवाय मुख्य स्विच बंद केला तरी ऊन असेतो पॅनेलमध्ये वीज असतेच, त्यामुळे कव्हर उघडून बघण्याचा मोह टाळा. अर्थिंग, सर्ज प्रोटेक्शन (दाबाच्या अचानक उसळीपासून संरक्षण) आणि विजा पडणाऱ्या भागात लायटनिंग अरेस्टर, हे तिन्ही कोटेशनमध्ये वेगवेगळे लिहिलेले हवेत.

स्ट्रक्चरवर वाऱ्याचा भार वजनापेक्षा मोठा असतो. वारा पॅनेलखाली शिरून ती वर उचलतो. म्हणून उंच मांडव करायचा असेल तर स्थापत्य अभियंत्याचा सल्ला घ्या. लोखंड गरम जस्तात बुडवून गॅल्व्हनाइज केलेलं, बोल्ट स्टेनलेस स्टीलचे. समुद्राजवळ असाल तर क्षार-धुक्याची चाचणी उत्तीर्ण झालेली पॅनेल मागा.

कोटेशनमध्ये पॅनेल आणि इन्व्हर्टरचं नेमकं मॉडेल, वायरची जाडी आणि वर्षाला अपेक्षित युनिट लिहून घ्या. पॅनेलला आयईसी ६१२१५ (टिकाऊपणा) आणि ६१७३० (सुरक्षितता) ही प्रमाणपत्रं असावीत. २० टक्के कार्यक्षमतेचं पॅनेल घ्यावं की २२ च्या, यावर झोप घालवू नका. तुमच्या गच्चीवर जागा भरपूर आहे, फरक फक्त थोड्या जास्त चौरस फुटांचा. त्याऐवजी इन्व्हर्टर बिघडला तर दुरुस्तीला कोण येणार ते विचारा. पॅनेल २५ वर्षं आणि पुढेही चालतात, दरवर्षी साधारण अर्धा टक्का क्षमता गमावत. इन्व्हर्टर मात्र त्या काळात एकदा तरी बदलावा लागेल असं धरूनच चला.

बसवल्यावरची कामं थोडी आहेत. धूळ साचली की पहाटे किंवा संध्याकाळी, काच थंड असताना, साध्या पाण्याने आणि मऊ फडक्याने पुसा. तापलेल्या काचेवर गार पाणी नको, साबणाची पूड नको, आणि क्षारयुक्त पाणी वाळू देऊ नका. महिन्याची युनिटं वहीत लिहा आणि गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी ताडून पाहा. मागच्या महिन्याशी तुलना करून ऋतूमुळे फसगत होते. एकाच महिन्यात मोठी घसरण दिसली तर आधी नवी सावली शोधा, मग धूळ, मग इन्व्हर्टरवरची सूचना.

राहिला थांबण्याचा प्रश्न. बेल लॅबने १९५४ साली दाखवलेली सिलिकॉनची सौर पेशी सुमारे ६ टक्के कार्यक्षम होती. आज बाजारातली पॅनेल २२ टक्क्यांच्या आसपास आहेत, आणि एकट्या सिलिकॉनची सैद्धांतिक मर्यादा साधारण २९ टक्के. प्रयोगशाळांत सिलिकॉनवर पेरोव्हस्काइट या दुसऱ्या पदार्थाचा थर देऊन ती ओलांडली गेली आहे, पण तुमची अडचण जागेची नाहीच, त्यामुळे त्या सुधारणेची वाट पाहून तुम्हाला विशेष काही मिळणार नाही. मीटरची नोंद, पंखे आणि गिझर यांवर दोन-तीन महिने द्या, नव्या वापराचा आकडा हाती घ्या आणि त्यावर अडीच ते तीन किलोवॉटची कोटेशनं मागवा. थांबायला खरं कारण एकच आहे: स्लॅब गळत असेल तर. एकदा पॅनेल बसली की त्यांच्याखाली वॉटरप्रूफिंग करायला सगळं उतरवावं लागतं. गळती असेल तर आधी ते काम करून घ्या, एका पावसाळ्यात ते टिकलं का ते पाहा, आणि मगच छताला भोकं पाडू द्या.